जेवणावळी पुरे, आता वर्ग भरवा!

ज्याच्या पान्याच्या एका फेऱ्यावर तुमच्या-आमच्या गाडीचे ब्रेक अवलंबून असतात, त्या माणसाला वर्षातून एकदा हॉलवर बोलवायचे, त्याच्या अंगात कंपनीचा टी-शर्ट चढवायचा, पडद्यावर डब्यांची चित्रे दाखवायची, रात्री त्याच्यापुढे मटणाचे ताट ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबाला कळवायचे की, इतक्या तंत्रज्ञांना प्रशिक्षण दिले! हा प्रकार महाराष्ट्रात गावोगाव राजरोस चालू आहे. आम्ही याला फसवणूक म्हणतो. ती गॅरेजवाल्याची फसवणूक आहे, त्याच्या हाताखाली राबणाऱ्या पोरांची आहे आणि त्याने दुरुस्त केलेल्या गाडीत बायकामुलांना बसवून घाट उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचीही आहे.

बाजारात या समारंभाला 'मेकॅनिक मीट' म्हणतात. कधी तो तेलाची कंपनी भरवते, कधी क्लच, ब्रेकपॅड, फिल्टर किंवा बॅटरीवाली. निमंत्रण डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन गॅरेज-गॅरेज फिरून देतो. ज्याची खरेदी मोठी त्याला मानाने बोलावणे, ज्याची उधारी थकली त्याला बोलावणेच नाही. म्हणजे शिकायला कोणी यायचे हे गरजेवर ठरत नाही, बिलावर ठरते. सातचा कार्यक्रम साडेआठला सुरू होतो. दीपप्रज्वलन होते, डीलरचा सत्कार होतो, झोनल मॅनेजरचे भाषण होते. मग लॅपटॉप उघडतो. पडद्यावरचा मजकूर इंग्रजी, बोलणाऱ्याची भाषा विक्रीची हिंदी आणि समोर बसलेला माणूस कराडचा, लातूरचा, चिपळूणचा. त्या पाऊण तासातला बहुतेक वेळ डबा अस्सल कसा ओळखायचा, होलोग्राम कुठे असतो, झाकणाखालचे कूपन मोबाइलवर कसे भरायचे, किती पॉइंटांना मिक्सर आणि किती पॉइंटांना परदेशाची सहल, यातच जातो. अख्ख्या हॉलमध्ये एक इंजिन नसते, एक वायर नसते, साधा मल्टिमीटरसुद्धा नसतो.

अशाच एका हॉलमध्ये मागच्या रांगेतले पन्नाशीचे एक मेस्त्री उभे राहिले. भाषणे संपेपर्यंत ते गप्प बसून होते. "साहेब, बीएस-सिक्स पिकअप येते माझ्याकडे. डीपीएफचा दिवा लागतो. रिजनरेशन करायला घेतो तर अर्ध्यात तुटते. आठवड्यात गाडी परत दारात. काय करायचं?" त्या सबंध संध्याकाळी विचारला गेलेला हा एकमेव कामाचा प्रश्न होता. व्यासपीठावरून उत्तर आले, "तो आजचा विषय नाही, जेवताना बोलू." मेस्त्री खाली बसले. जेवताना त्यांच्याशी कोणीही बोलले नाही.

तो आजचा विषय नाही, तर मग आजचा विषय आहे तरी कोणता? त्या प्रश्नात काय दडले होते ते आम्ही इथे सविस्तर मांडतो, म्हणजे किती मोठी विद्या नाकारली जाते आहे हे वाचकांना कळेल. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात जाळीदार चिनी मातीसारख्या पदार्थाचा एक फिल्टर असतो, तोच डीपीएफ. इंजिनातली काजळी तो अडवून धरतो. काजळी साठली की गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि ती काजळी जाळून टाकतो. हेच ते रिजनरेशन. त्यासाठी गाडी काही वेळ एका लयीत पळावी लागते. दुधाच्या रतिबावर फिरणारी किंवा भाजीच्या गाळ्यांपुढे थांबत थांबत जाणारी पिकअप कधी पळतच नाही. इंजिन बंद होते, रिजनरेशन अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरते. डिपस्टिकवर तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसते आणि न शिकलेला पोऱ्या खूश होतो की गाडी तेल पीत नाही! प्रत्यक्षात ते तेल पातळ होत गेलेले असते आणि बेअरिंगांचे मरण तिथेच सुरू झालेले असते.

आणखी पुढची गोष्ट ऐका. काजळी जळते, राख जळत नाही. इंजिनच्या तेलात धातूंची जी द्रव्ये मिसळलेली असतात, ती जळल्यावर त्यांची राख त्या फिल्टरात कायमची बसते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे तेल लागते. साधे, जुन्या दर्जाचे तेल ओतत राहिलात तर रिजनरेशन कितीही करा, फिल्टर वेळेआधीच बुजणार. म्हणजे मेस्त्रींच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग तेलातच होता, आणि तो कार्यक्रम तेलाचाच होता! डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरात दर्जाचे जे आकडे-अक्षरे छापलेली असतात, त्यांचा अर्थ अर्ध्या तासात समजावता आला असता. त्या अर्ध्या तासाने त्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या हातून पुढच्या वर्षभरात किती इंजिने वाचली असती! पण ज्याला डबा खपवायचा आहे, त्याला डब्यावरचे अक्षर शिकवायचे नाही. अक्षर शिकलेला माणूस उद्या समोरच्या कंपनीचा त्याच दर्जाचा डबाही उचलेल, ही त्यांची भीती आहे. गॅरेजवाल्याला अडाणी ठेवण्यात ज्यांचा नफा आहे, त्यांनाच त्याचा गुरू नेमल्यावर दुसरे काय होणार?

मग मेस्त्री काय करतात? गिऱ्हाईक डोक्यावर बसलेले असते, गाडीचा हप्ता थकत असतो. कोणी तरी सांगतो, फिल्टर कापून टाका, आत सरळ नळी घाला, लॅपटॉपवाल्याकडून सॉफ्टवेअरमधून तो बंद करून घ्या. गाडी पळते. कायदा मोडतो, आणि जी काजळी अडवण्यासाठी एवढा खटाटोप केला, ती शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोरांच्या छातीत जाते. या पापाचा धनी एकटा मेस्त्री नाही. ज्यांनी त्याला विचारूनही सांगितले नाही, ते सगळे यात वाटेकरी आहेत.

सरकारला याची कल्पना नव्हती, असे कोणी म्हणू नये. २०१६ च्या जानेवारीत केंद्राने ठरवले की वाहनांच्या धुराच्या निकषांत बीएस-५ चा टप्पा ओलांडून थेट बीएस-६ वर जायचे. १ एप्रिल २०२० ही तारीख ठरली. चार वर्षे हातात होती. त्या चार वर्षांत तेलशुद्धीकरण कारखाने बदलले, पेट्रोल-डिझेलमधले गंधक कमी झाले, गाड्यांच्या कंपन्यांनी इंजिने नव्याने घडवली. जुन्या गाड्यांचा साठा संपवायला मुदत द्या म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयातही गेल्या. सगळ्यांची तयारी झाली. फक्त ज्याच्या दारात ही गाडी वॉरंटी संपल्यावर येणार होती, त्याला तयार करावे असे एकाच्याही मनात आले नाही. बहुतेक दुचाक्यांचा कार्ब्युरेटर एका रात्रीत इतिहासजमा झाला. स्क्रू फिरवून, कान देऊन, इंजिनचा सूर लावणारे वस्ताद आमच्या गावागावांत होते. ती विद्या खरी होती, तिला आम्ही नमस्कार करतो. पण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत कान पुरत नाही. तिथे सेन्सर किती व्होल्ट सांगतो आहे ते वाचावे लागते, आणि त्यातला बिघाड सेन्सरचा, वायरचा की अर्थिंगचा हे ताडावे लागते. ते शिकवले नाही म्हणून आज चांगले चांगले मेस्त्री सेन्सरवर सेन्सर बदलत बसतात. गिऱ्हाइकाच्या खिशातून हजारो रुपये जातात आणि दोष शेवटी गंजलेल्या एका कनेक्टरचा निघतो. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला, रस्त्यावर चालतानाच्या धुराचेही मोजमाप सुरू झाले. तेव्हा तरी जाग यायला हवी होती. ती आली नाही.

आणि हे सगळे अजून धुरापुरतेच चालले आहे. उद्याचे, किंबहुना आजचेच संकट जीवघेणे आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारीत बॅटरीचा दाब साधारण तीनशे-चारशे व्होल्टचा असतो. काही गाड्यांत तो त्याच्या दुप्पट आहे. वाहनांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत साठ व्होल्ट डीसीच्या वरचा दाब धोक्याचा मानतात. त्या गाडीच्या पोटात नारिंगी रंगाच्या जाड केबल असतात. त्यांना हात लावण्याआधी बारा व्होल्टची बॅटरी सोडवायची, सर्व्हिस प्लग काढायचा, कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचे, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत वीज शिल्लक असते. मग हजार व्होल्टचे हातमोजे घालून, मीटर लावून दाब शून्यावर आल्याची खात्री करायची आणि तेव्हाच पाना उचलायचा. एवढा क्रम आहे. तो कोणी शिकवला आमच्या गॅरेजवाल्याला? पाण्यात अडकलेली विजेची गाडी टो करून आणली आणि पोऱ्याने ओल्या हाताने झाकण उघडले, तर त्याच्या आईला जाऊन काय सांगणार?

एअरबॅगचेही तेच. पिवळ्या कनेक्टरच्या त्या वायरी चाचणीच्या दिव्याने तपासणारे हात आम्ही पाहिले आहेत. फुगायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ न लागणारी ती पिशवी स्टिअरिंगवर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर उघडली, तर माणूस जन्माचा अधू होतो. नव्या गाड्यांत पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो आणि त्याच्या भरवशावर गाडी आपण होऊन ब्रेक लावते. काच बदलली की तो कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. किती काचवाल्यांना हे सांगितले गेले?

आता या अन्यायाच्या मुळाशी येऊ. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कशासाठी? सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देता बाजार आपल्या मुठीत ठेवला, यासाठी. पुणे, चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात महाराष्ट्राची जमीन आणि महाराष्ट्राच्या सवलती घेऊन कारखाने उभारलेल्या कंपन्याही त्या चौदांत होत्या. सुनावणीत या कंपन्यांचा बचाव काय होता तो प्रत्येक गॅरेजवाल्याने पाठ करून ठेवावा. बाहेरचा मेकॅनिक अप्रशिक्षित आहे, त्याच्या हाती हे भाग आणि ही यंत्रे दिली तर ग्राहकाच्या जिवाला धोका आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अप्रशिक्षित! ज्यांनी शिकवायचे नाकारले, त्यांनीच शिकला नाहीस म्हणून दार लावून घेतले! विहिरीला कुलूप घालून तहानलेल्याला आळशी म्हणणाऱ्याची ही जात आहे.

आयोगाने तो बचाव मान्य केला नाही. उलट आदेशात सांगितले की भाग आणि यंत्रे सुलभपणे उपलब्ध करा, आणि बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची योग्य व्यवस्था कंपन्यांनी उभी करावी, तांत्रिक साहाय्य आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे पैसे घेऊन देण्याचाही विचार व्हावा. पैसे घेऊन! कोणी फुकट मागितलेले नव्हते. त्यानंतर अपिले झाली, स्थगित्या झाल्या, वकिलांची घरे भरली. आमचा सवाल साधा आहे. त्या आदेशाला दहा वर्षे उलटून गेली. त्याच्या आधारावर सांगलीच्या, जळगावच्या, यवतमाळच्या किती साध्या गॅरेजवाल्यांना कंपनीच्या प्रशिक्षण केंद्राचे दार उघडले? ज्यांना उघडले असेल त्यांनी पुढे येऊन सांगावे, आम्ही त्यांची नावे आनंदाने पहिल्या पानावर छापू.

२०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्यात वाहनांचाही समावेश केला आणि डिसेंबरात पोर्टल सुरू केले. पोर्टलवर कंपन्यांचे पत्ते आणि हमीची माहिती टाकली म्हणजे हक्क मिळाला काय? हक्क तो, ज्याच्या बळावर गॅरेजवाला कंपनीला नोटीस पाठवू शकेल आणि कंपनीला उत्तर द्यावेच लागेल. असा कायदा या देशाने अजून केलेला नाही. आम्ही ज्यांच्याकडून धुराचे निकष उचलले, त्या युरोपने २००७ च्या ज्या नियमावलीत हे निकष घातले, त्याच नियमावलीत बाहेरच्या गॅरेजांना दुरुस्तीची माहिती वाजवी शुल्कात देण्याची सक्तीही घातली. तासाचे पैसे भरा, दिवसाचे भरा, वर्षाचे भरा, पण कंपनीला नाही म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतपेटीतून हा कायदा करून घेतला. आमच्या राज्यकर्त्यांनी युरोपातून फक्त धुराचे आकडे आणले, गॅरेजवाल्याचा हक्क तिथल्या बंदरावरच ठेवून आले.

कौशल्याच्या नावाने जो कारभार चालतो, त्याचीही झाडाझडती व्हायलाच हवी. वाहनक्षेत्रासाठी कौशल्य परिषद २०११ मध्ये झाली. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. त्यात पूर्वीच्या अनुभवाला मान्यता देण्याची सोय आहे, आणि सोय म्हणून ती चांगली आहे. तीस वर्षे हात काळे केलेल्या माणसाला सरकारी कागद मिळावा, हे न्याय्यच आहे. पण काही तासांची ओळखवजा शिकवण, एक चाचणी, जाकीट, टोपी आणि प्रमाणपत्र, एवढ्याने डीपीएफ कळत नाही आणि नारिंगी केबलची भीतीही कळत नाही. जे त्याला आधीच येत होते त्याचा दाखला त्याला मिळाला. जे येत नव्हते ते कोणी दिले? राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. त्यांतल्या अनेकांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, वर्कशॉप आहेत, निदेशक आहेत. पण ते सगळे दहावी झालेल्या पोरासाठी, सकाळच्या वेळात. चाळिशीतला गॅरेजवाला, ज्याच्या हाताखाली चार माणसे आणि डोक्यावर घराचे कर्ज आहे, त्याने दोन वर्षे शटर ओढून तिथे बसायचे काय? २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे एका दिवसात उद्घाटन झाले. पाचशे अकरा! त्यांतल्या किती केंद्रांत स्कॅनर आहे आणि किती केंद्रांत बीएस-६ चे एखादे इंजिन स्टँडवर चढवून ठेवले आहे, ते खात्याने तालुकावार जाहीर करावे.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून उभी आहे. देशातल्या गाड्या धुराच्या, ब्रेकच्या, सुरक्षिततेच्या कसोटीला जिथे उतरतात, त्या मोजक्या ठिकाणांपैकी ही एक. अभियंत्यांसाठी तिथे अभ्यासक्रम चालतात. टेकडी उतरून पौड रोडला या, पुढे नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या गल्ल्यांत या. तिथे दिवसभर त्याच गाड्यांचे पोट उघडले जाते. ज्ञान वर टेकडीवर आणि हात खाली गल्लीत, मध्ये काही किलोमीटरचे अंतर, आणि ते अंतर साठ वर्षांत कोणाला ओलांडता आले नाही! ज्या शहराला देशाचे मोटारनगर म्हणून मिरवले जाते, त्या शहराला ही शरम वाटली पाहिजे.

इतरांना झोडपून आम्ही गॅरेजमालकांना मोकळे सोडणार नाही. ते आमचेच आहेत, म्हणून त्यांना जास्त कडक शब्दांत सांगतो. "पोऱ्याला शिकवलं की तो समोरच गॅरेज टाकतो" हे वाक्य प्रत्येक मालकाच्या तोंडी आहे. म्हणून वस्ताद टायमिंग बसवताना पोऱ्याला चहा आणायला पाठवतो. पोऱ्या दहा वर्षे गोटी पाना धुतो आणि एक दिवस खरोखरच समोर गॅरेज टाकतो, अर्धवट शिकलेला! मग दोघेही भाव पाडून एकमेकांचा गळा कापतात. विद्या लपवून धंदा टिकत नाही, हे अजून किती शटर बंद पडल्यावर कळणार? स्वतः मालक तर शिकायला बसायला तयारच नसतो. तालुक्याला एखाद्या मेस्त्र्याने पदरमोड करून दोन दिवसांचा खरा वर्ग भरवला, त्याला दोन हजार रुपये फी ठेवली, तर "फी कशाची, कंपनी तर फुकट जेवायला घालते" असे म्हणणारे आमचेच भाऊबंद आहेत. चोरीचे सॉफ्टवेअर भरलेला स्कॅनर स्वस्तात घ्यायचा, त्यावर कोड वाचायचा, कोड जो भाग सांगेल तो बदलून मोकळे व्हायचे, ही सवय ज्यांनी लावून घेतली आहे त्यांनी आरशात पाहावे. कोड बिघाडाची गल्ली दाखवतो, घर माणसालाच शोधावे लागते. ते शोधणे हीच कारागिरी आहे, आणि तिचेच शिक्षण लागते.

मालकाला गणित शिकवायला तर कोणीच पुढे येत नाही. हा विषय आम्हाला पान्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. दोष शोधायला तीन तास गेले आणि पाच रुपयांचा फ्यूज बदलला, तर गिऱ्हाईक म्हणते, "नुसतं बघितलं त्याचे पैसे कशाचे?" मालकाकडे त्याला उत्तर नसते, कारण आपल्या गॅरेजचा एक तास आपल्याला कितीला पडतो हे त्याने कधी मांडलेलेच नसते. जागेचे भाडे, वीज, माणसांचे पगार, यंत्राचा हप्ता, स्कॅनरच्या अपडेटचे वार्षिक पैसे, यांची बेरीज करून तिला महिन्याच्या खऱ्या कामाच्या तासांनी भागायचे, एवढी चौथीची आकडेमोड आहे. ती होत नाही. म्हणून तो शोधण्याचे पैसे मागत नाही, आणि ती कसर सुट्या भागाच्या कमिशनमधून भरून काढतो. कमिशन भागात आहे म्हटल्यावर भाग बदलण्याकडेच मन ओढते. जो डिस्ट्रिब्युटर मेकॅनिक मीट भरवतो, तोच हे कमिशन ठरवतो. गाठ अशी पक्की बसली आहे. ती सोडवायची तर मालकांना हिशेबाचे शिक्षण द्यावे लागेल, आणि गिऱ्हाइकांनाही हे ऐकून घ्यावे लागेल की डॉक्टर तपासणीचे पैसे घेतो तसे मेस्त्रीनेही घेतले पाहिजेत. ज्ञानाला दाम मिळाला तर माणूस ज्ञान मिळवायला धावेल.

अमेरिकेत कॅन्सस सिटीजवळ बाहेरच्या गॅरेजवाल्यांची संघटनाच दरवर्षी 'व्हिजन' नावाचा प्रशिक्षण मेळावा भरवते. मालक स्वतः येतात, कामगारांनाही आणतात, पैसे भरून दिवसचे दिवस वर्गात बसतात. तंत्रज्ञांचे वर्ग वेगळे, मालकांच्या हिशेबाचे आणि कारभाराचे वर्ग वेगळे. त्या देशात १९७२ पासून तंत्रज्ञांच्या प्रमाणपत्राची परीक्षा आहे, आणि एकदा पास झालेल्यालाही दर पाच वर्षांनी पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते. जर्मनीने २००३ मध्येच मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे दोन धंदे एक करून टाकले, कारण गाडीत ते वेगळे उरले नव्हते. आमच्याकडे आजही मेस्त्री वायर दिसली की म्हणतो, "हे वायरिंगवाल्याचं काम."

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत आणि त्यांत आम्ही एक अक्षर कमी करणार नाही. ज्या कार्यक्रमात गाडी किंवा इंजिन नाही, शिकणाऱ्याच्या हातात उपकरण दिले जात नाही आणि शेवटी त्याला काय आले याची परीक्षा होत नाही, त्याला प्रशिक्षण म्हणायला कायद्याने बंदी करा. कंपन्यांनी आपला माल खुशाल विकावा, जेवणेही घालावीत, पण त्याचा खर्च प्रशिक्षणाच्या खात्यात दाखवू नये. राज्यात कारखान्यासाठी सवलत मागणाऱ्या प्रत्येक मोटार कंपनीला अट घाला की बाहेरच्या गॅरेजवाल्यांसाठी वाजवी फीत वर्षभर वर्ग चालवावे लागतील, आणि दुरुस्तीच्या पुस्तिका मराठीत द्याव्या लागतील. जाहिराती मराठीत देता येतात, तर वायरिंगचा नकाशा मराठीत का देता येत नाही? विजेच्या गाड्यांचे काम प्रशिक्षणाशिवाय कोणी करू नये असा नियम करा. पण आधी प्रशिक्षण गावात पोचवा आणि मग नियम करा. नाहीतर तोच नियम उद्या लहान गॅरेज बंद पाडण्याचे हत्यार होईल, आणि ते हत्यार हातात घ्यायला कोण टपून बसले आहे हे आम्हाला पक्के ठाऊक आहे.

गॅरेजवाल्यांच्या संघटनांनाही आमचे सांगणे आहे. तुमच्या जिल्ह्यात पुढचे निमंत्रण येईल तेव्हा एकजुटीने तीन गोष्टी विचारा. कोणती गाडी उघडणार? शिकवणाऱ्याने स्वतः शेवटचा पाना कधी हातात धरला? आमच्या प्रश्नांना किती वेळ देणार? समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर एकानेही जाऊ नये. मोकळ्या खुर्च्यांचा फोटो वरच्या साहेबाला पाठवता येत नाही. आणि त्या संध्याकाळी आपल्याच एखाद्याच्या गॅरेजात जमा. ज्याने डीपीएफचा गुंता सोडवला असेल त्याने तो इतरांना उघडून दाखवावा, आणि बाकीच्यांनी त्याचे पैसे मोजावेत.

आयटीआयची वर्कशॉप संध्याकाळी सहानंतर कुलुपात असतात. लिफ्ट, इंजिने, कॉम्प्रेसर, सगळे जनतेच्या पैशाचे, आणि सगळे अंधारात. ती कुलपे काढायला नवी इमारत लागत नाही, नवी योजना लागत नाही, उद्घाटनाला कोणी दिल्लीहून यावे लागत नाही. एक निदेशक, एक स्कॅनर आणि तालुक्यातला एक जाणता मेस्त्री मानधनावर, एवढे पुरते. राज्याच्या कौशल्य विकास मंत्र्यांनी विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात सभागृहात उभे राहून सांगावे की कामावरच्या मेकॅनिकांसाठी पहिला संध्याकाळचा वर्ग कोणत्या आयटीआयत, कोणत्या तारखेला आणि कोणत्या गाडीवर सुरू होणार आहे.